"हलू नकोस!" : ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांच्यावरची एकपात्री वर्गात बसवताना



३ जानेवारी जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या शाळांत एकच धावपळ असते. छोट्या मापाची नऊवारी, मोठं कुंकू, हातात पुस्तक आणि पाठ करून घेतलेलं भाषण. "माझा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला..." पोरगी घडाघडा बोलते, आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. मीही इतकी वर्षं हेच करून घेत आले. वाईट नाही ते, मुलींची स्टेजची भीती जाते. पण मला सांगा, कुठली बाई आपल्या घरात उभी राहून स्वतःची जन्मतारीख सांगते? आणि कुणाला?

आपण ज्याला 'एकपात्री' म्हणतो ते बहुतेक वेळा चरित्रच असतं, फक्त 'ती'च्या जागी 'मी' घातलेलं. यंदा माझी एक एकपात्री अशीच फसली, मग ती मोडून पुन्हा लिहिली, आणि लिहिताना शाळेतल्या एका माणसाने मला चांगलंच धारेवर धरलं. ते सगळं इथे सांगते. तुमच्या वर्गात उपयोगी पडेल.

सुरुवात पाचवीच्या तासाला झाली. इतिहासाची साधने शिकवताना पोरांना सांगितलं होतं, घरातला सगळ्यात जुना फोटो आणा. कुणी पणजोबांचा आणला, कुणी आजीच्या लग्नातला. टेबलावर सगळे मांडले आणि एक पोरगा म्हणाला, "बाई, ही सगळी माणसं रागावलीत का?" खरंच, एकही माणूस हसत नव्हता. त्याचं उत्तर शोधता शोधता मी मागे मागे गेले आणि इंग्लंडमधल्या एका बाईपाशी पोचले. ज्युलिया मार्गारेट कॅमेरून.

ही बाई जन्माने कलकत्त्याची. साल १८१५. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आई फ्रेंच घराण्यातली. शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये झालं. बहिणी रूपासाठी प्रसिद्ध होत्या, हिचं रूप बेताचं. पण बोलणं, पत्रं लिहिणं आणि दुसऱ्याला भेटी देणं ह्याला सुमार नव्हता. १८३८ मध्ये कलकत्त्यातच तिचं लग्न चार्ल्स हे कॅमेरून ह्यांच्याशी झालं. ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, कायदेपंडित. मेकॉलेच्या ज्या आयोगाने भारतीय दंडविधानाचा पहिला मसुदा केला त्याचे ते सदस्य होते. म्हणजे २०२४ च्या जुलैपर्यंत आपल्या पोलीस ठाण्यांत जी कलमं लावली जात होती, त्यांच्या पहिल्या खर्ड्यात ह्या बाईच्या नवऱ्याचा हात. (पालकांमध्ये कुणी वकील असतील तर त्यांना हे सांगा, खूश होतात.)

१८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतलं आणि १८६० मध्ये वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर ह्या गावी राहायला गेलं. शेजारी कवी टेनिसन. पोरंबाळं मोठी झालेली. नवरा सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांकडे गेला की बाई एकटी. १८६३ च्या नाताळात मुलीने आणि जावयाने तिला एक कॅमेरा भेट दिला, एकटेपणात तेवढाच विरंगुळा म्हणून. तेव्हा तिचं वय होतं अठ्ठेचाळीस.

आता माझी पहिली संहिता. तुम्ही ओळखलंच असेल. "माझा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्ता येथे झाला." एका हुशार मुलीला दिली, तिच्या केसांना टाल्कम पावडर लावली, खांद्यावर शाल दिली. तिने एकही चूक न करता सहा मिनिटं म्हटलं. सराव बघायला पहिलीची पोरं बसवली होती. त्यातल्या एकाने मध्येच विचारलं, "हिचा कॅमेरा कुठाय?"

कॅमेरा नव्हताच. मी ठेवलाच नव्हता. ज्या बाईने बारा-तेरा वर्षं दुसरं काहीच केलं नाही, तिच्या एकपात्रीत ती फक्त बोलत होती.

मग मी तिच्या आठवणी नीट वाचायला घेतल्या. १८७४ मध्ये तिने त्या लिहायला घेतल्या आणि अर्धवट सोडल्या. तिच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. थोडीच पानं आहेत, पण नाटक सगळं त्यात आहे. कोळसा ठेवायच्या खोलीची तिने अंधारखोली केली. कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोंबड्या बाहेर काढल्या. कोंबड्या गेल्या तरी अंड्यांशी संबंध सुटला नाही, कारण त्या काळी फोटो छापायचा कागदही अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असायचा. पोरांना हे सांगितलं तेव्हा वर्गात जो 'ईईई' झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

पण खरी गंमत फोटो काढण्याच्या रीतीत आहे. आपण शिक्षकांनी ती नीट समजून घ्यायला हवी, कारण नाटकाचा सांगाडाच तिच्यातून मिळतो. तेव्हा फिल्म नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या काचेची पद्धत चालत होती. स्वच्छ काच घ्यायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं आणि काच तिरकी-तिरकी करून ते सगळीकडे सारखं पसरवायचं, तव्यावर घावनाचं पीठ फिरवतो तसं. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता काच उजेडाला हळवी झाली. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढायचं, समोरच्याला बसवून ठेवायचं, झाकण लावायचं, आणि पळत अंधारखोलीत जाऊन दुसऱ्या रसायनाने चित्र उमटवायचं. काच वाळली की सगळं फुकट. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात मिनिटं मोजकी.

हे वाचलं आणि मला माझी एकपात्री सापडली. बाईला जन्मतारीख सांगायला वेळच नाही! काच वाळतेय!

दुसरी गोष्ट, तिच्यासमोर कोणीतरी बसलेलं आहे. कॅमेरून बाईंच्या फोटोंना तीन-चार मिनिटं, कधी त्याहूनही जास्त वेळ लागायचा. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. ती ज्याच्याशी बोलतेय तो माणूस म्हणजे समोरची रिकामी खुर्ची. एकपात्रीत सगळ्यात अवघड प्रश्न असतो 'कुणाशी बोलायचं?', आणि फोटोग्राफरच्या बाबतीत त्याचं उत्तर आयतंच मिळतं.

मग मी नाटकाच्या तीन काचा केल्या. तिन्ही प्रसंग तिच्या आठवणींतले आहेत.

पहिली काच. गावातला एक शेतकरी तिने पैसे देऊन बसवला, तासाला अर्धा क्राउन. फोटो आला. आनंदाच्या भरात काचेच्या ज्या बाजूला चित्र होतं त्याच बाजूवरून तिचा हात फिरला आणि चित्र पुसलं गेलं. आयुष्यातला पहिला फोटो, आपल्याच हाताने.

दुसरी काच. दोन मुलं एकत्र बसवली. सगळं जमत आलं होतं, शेवटी एकाला फिस्सकन हसू फुटलं. गेली काच.

तिसरी काच. आता एकटी मुलगी, ॲनी फिलपॉट. बाईने तिची चक्क मनधरणी केली : तू हललीस तर बिचाऱ्या मिसेस कॅमेरूनची एवढी रसायनं वाया जातील गं! पोरगी हलली नाही. तारीख २९ जानेवारी १८६४. बाईला एवढा आनंद झाला की घरभर धावत सुटली, ह्या मुलीला काय काय भेट देऊ म्हणून. जणू तो फोटो त्या मुलीनेच काढला होता. त्याच दिवशी फोटो छापला, चौकटीत बसवला आणि मुलीच्या वडिलांना देऊनही टाकला. फोटोखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं की हे माझं पहिलं यश.

बघा, दोनदा फसलेली आणि तिसऱ्यांदा जमलेली गोष्ट. मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

नाटकाआधी वर्गात एक उपक्रम नक्की घ्या. मुलांच्या जोड्या करा. एकाने चार मिनिटं खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने घड्याळ घेऊन समोर. काय काय हललं ते लिहायचं. माझ्या वर्गात पहिल्या मिनिटाला हसू, दुसऱ्याला नाक खाजणं, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी. चौथ्या मिनिटात मात्र एक वेगळीच गोष्ट होते, चेहरा सैल पडतो. मूल आपण फोटोला बसलोय हे विसरतं आणि आपल्याच विचारात जातं. मी तेव्हा पोरांना तिने काढलेला टेनिसनचा फोटो दाखवला, विस्कटलेल्या केसांचा, ज्याला टेनिसन स्वतःच 'मळका साधू' अशा अर्थाचं नाव देऊन हसायचा. मग जॉन हर्शेलचा, ज्यात पांढरे केस अंधारातून उजेडासारखे वर आलेत. डार्विनचाही दाखवला. "बाई, हे चौथ्या मिनिटातले आहेत," एक मुलगी म्हणाली. मी फळ्यावर तेवढंच वाक्य लिहून ठेवलं. फोटोतली माणसं रागावलेली का दिसतात, ह्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलांनी आपल्याच चेहऱ्यावरून काढलं.

हर्शेल आजोबांना नाटकात मी एक वाक्य दिलंय, कारण ते मला सोडवेना. १८३६ मध्ये आजारपणातून बरं व्हायला ती केप ऑफ गुड होपला गेली होती, तिथे ह्या खगोलशास्त्रज्ञाशी ओळख झाली. निगेटिव्ह, पॉझिटिव्ह हे शब्द फोटोंच्या बाबतीत रुळवले ते ह्यांनीच. १८४२ मध्ये ती कलकत्त्यात असताना त्यांनी फोटोंचे काही नमुने तिला पाठवले होते. म्हणजे फोटो म्हणजे काय हे तिला माहीत होतं आणि स्वतः हात लावायला मध्ये वीसेक वर्षं गेली. त्या वर्षांत काय होतं? मुलं वाढवणं, घर, पाहुणे, नवऱ्याची पदं. हे वाक्य पालकसभेत म्हणताना पुढच्या रांगेतल्या आया एकदम शांत झाल्या होत्या.

विज्ञानाच्या तासाला जोडून घ्यायचं तर सिल्व्हर नायट्रेटच्या वाटेला मुळीच जाऊ नका, हात काळे होतात आणि डोळ्यांना धोका असतो. त्याऐवजी हळद वापरा. वनस्पतींच्या रंगांवर उन्हाचा काय परिणाम होतो ह्याचे प्रयोग हर्शेल ह्यांनीही केले होते. हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून, गाळून, मोठ्या माणसाने ती जाड कागदावर ब्रशने लावायची. वाळला की कागदावर पिंपळाचं पान ठेवून वर पारदर्शक प्लास्टिक दाबायचं आणि भर उन्हात दोन-तीन तास ठेवायचं. उघड्या भागाची हळद उडते, पानाखालची राहते. मग साबणाच्या किंवा चुन्याच्या पाण्याचा हात फिरवला की राहिलेली हळद लाल होते. आमचं एक पान इतकं सुरेख आलं की शिरासुद्धा दिसत होत्या. बाकीची डागाळली. तीही भिंतीवर लावली.

डागाळलेली का लावली? कारण ह्या बाईवर सगळ्यात मोठा आरोप तोच होता. तिचे फोटो अस्पष्ट असायचे, कडा विरघळलेल्या, काचेवर ओरखडे, कधी तडा, कधी बोटांचे ठसे. त्या वेळच्या फोटोग्राफर मंडळींनी तिला नावं ठेवली. रेखीव, स्वच्छ फोटो म्हणजे चांगला फोटो असा त्यांचा नियम. तिचं म्हणणं असं, की भिंग फिरवता फिरवता जिथे मला चित्र सुंदर दिसतं तिथे मी थांबते, सगळे थांबतात तिथपर्यंत जात नाही. ती अडाणीपणे चुकत होती असं मात्र मुलांना सांगू नका. तिने आपल्या फोटोंचे हक्क रीतसर नोंदवले, शेकड्यांनी. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला फोटो विकले, आणि १८६८ मध्ये त्याच संग्रहालयाने तिला स्टुडिओसाठी दोन खोल्या दिल्या. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. चित्रकलेच्या वहीत रंग रेषेबाहेर गेला की आपण लाल पेनाने गोल करतो ना, तेव्हा मला हल्ली ती आठवते. पेन थांबतोच असं नाही. पण आठवते.

आता त्या धारेवर धरण्याची गोष्ट.

नाटक मीच करायचं ठरवलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईचं काम दहा वर्षांच्या मुलीला देणं हीच पहिल्या वेळची निम्मी चूक होती. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सराव करायचे. रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलणं मला जमत नव्हतं, नजर ठरत नव्हती. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी भांडी घासून निघाल्या होत्या. त्यांना म्हटलं, "मावशी, जरा बसा ना खुर्चीत. काही करायचं नाही, हलायचं नाही, बस्स."

मावशी बसल्या. मी नाटक केलं. काच ओतली, झाकण काढलं, "हलू नकोस!" म्हणाले, घरभर धावले. संपल्यावर त्यांना विचारलं, कसं वाटलं?

मान चोळत म्हणाल्या, "चांगलं हाय. पण ही नुस्ती बोलतीया. बसलीय तिचं काय? तिला इचारलं का कुणी, बसायचंय का म्हणून?"

मी म्हटलं, "मावशी, ती त्यांच्या घरातली कामवाली असायची बऱ्याचदा."

"मग तर झालंच."

आणि जाता जाता, अगदी सहज : "तुम्ही पण रोज काढता की माझा फोटू, वाढताना. मला कधी दावला न्हाई."

शिक्षकमित्रांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आहार वाटपाचा फोटो, उपक्रमाचा फोटो, हात धुण्याचा फोटो. वरून मेसेज येतो, आपण मोबाईल काढतो, "मावशी, इकडे बघा", खटक, पाठवलं. मी घरी जाऊन गॅलरी उघडली. चार वर्षांचे फोटो होते. मावशी शेकडो फोटोंत होत्या आणि एकातही त्या एकट्या नव्हत्या. कुठे हात, कुठे पळी, कुठे अर्धा चेहरा. एकही त्यांना दाखवलेला नव्हता. मी मोठ्या तोऱ्यात एका थोर बाईवर नाटक बसवत होते.

मग तिच्या खुर्चीत कोण कोण बसलं होतं ते मी पुन्हा बघितलं. थोर माणसांची नावं फोटोखाली आहेत : टेनिसन, डार्विन, कार्लाईल. पण जिचा चेहरा सगळ्यात जास्त वेळा दिसतो त्यांतली एक म्हणजे मेरी हिलियर, घरातली मोलकरीण. ती फोटोत माता मेरी होते, संत होते, प्राचीन ग्रीसची कवयित्री होते. गावात तिला 'मेरी मॅडोना' म्हणू लागले होते. फोटोखाली मात्र बहुतेक वेळा मॅडोनाचं नाव, मेरी हिलियरचं नाही.

दुसरी मेरी रायन. तिची आई आयर्लंडमधून आलेली, लंडनजवळच्या पटनीच्या माळावर भीक मागत होती. कॅमेरून बाईंनी मायलेकींना आसरा दिला, मुलीला आपल्या मुलांबरोबर शिकवलं, आणि मोठी झाल्यावर घरकामालाही ठेवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही नाटकात ठेवल्या. १८६५ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने ह्या मेरीचा फोटो पाहिला आणि तो तिच्या प्रेमात पडला. तो बंगालमध्ये सनदी नोकरीत गेला. १८६७ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे सर हेन्री कॉटन भारतीयांच्या हक्कांची बाजू घेणारे अधिकारी म्हणून ओळखले गेले, आणि १९०४ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. फ्रेशवॉटरच्या त्या खुर्चीत मिनिटंच्या मिनिटं न हलता बसणारी मुलगी लेडी कॉटन झाली होती. मला ही गोष्ट परीकथेसारखी सांगायचा मोह झाला होता. मावशींच्या वाक्यानंतर तो गेला. लग्न चांगलं झालं म्हणून 'तिला विचारलं का?' ह्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

म्हणून एकपात्रीत चौथी काच घातली. कॅमेरून बाई "हलू नकोस" म्हणून अंधारखोलीकडे जाते. तिथे मी शाल काढून ठेवते, कमरेला पांढरा एप्रन बांधते, येऊन त्याच खुर्चीत बसते आणि मेरी होते. दोन मिनिटं मेरी बोलते. मग एप्रन काढून पुन्हा शाल. एकपात्रीचा नियम मोडत नाही, उलट आपल्याकडे तर ही परंपराच आहे. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवा, अख्खं वऱ्हाड एका माणसाच्या अंगातून निघायचं. आणि कुणाशी बोलावं हे शिकायचं असेल तर सुषमा देशपांडे ह्यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' बघा. तिथे सावित्रीबाई समोरच्यांशी गप्पा मारते, भाषण देत नाही. ३ जानेवारीच्या आधी मी ते आता दरवर्षी आठवणार आहे.

एक काळजी घ्या, ही मला महत्त्वाची वाटते. नाटकातलं खरं काय आणि आपण घातलेलं काय, हे मुलांना आधीच सांगा. आम्ही संहितेला दोन रंग दिले. कोळशाची खोली, शेतकरी, फुटलेलं हसू, ॲनी, तारखा हे निळ्या शाईत, कारण ते तिच्या आठवणींत किंवा नोंदींत आहे. तिच्या तोंडची माझी वाक्यं हिरव्या शाईत. मेरीची दोन मिनिटं पूर्ण हिरवी. एका मुलाने लगेच बोट ठेवलं, "बाई, मोठ्या बाईचं निळं जास्त आहे आणि मेरीचं सगळं हिरवंच." आठवणी कुणी लिहून ठेवल्या आणि कुणी नाही, हे त्याला दोन शायांवरून कळलं. इतिहासाच्या साधनांचा पाठ तिथे पूर्ण झाला असं मी टाचणवहीत लिहिलं.

सिलोनचा भाग मी जवळजवळ सगळा गाळला. १८७५ मध्ये नवरा-बायको मळ्यांजवळ राहायला तिकडे गेले, सामानात दोन शवपेट्या, आणि त्या रिकाम्या कशाला न्यायच्या म्हणून त्यांत चिनीमातीची भांडी भरलेली! २६ जानेवारी १८७९ रोजी ती तिकडेच वारली. शवपेटीतल्या कपबशा नाटकात घालायचा मोह आवरणं कठीण आहे, पण तो भाग आला की नाटकाचं घड्याळ बंद पडतं. काच वाळते. एका बैठकीत एवढंच मावतं. त्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूरही तिच्या शेवटच्या थोड्याशा फोटोंत आहेत. तो विषय सातवी-आठवीच्या शिक्षकांनी घ्यावा, चांगली चर्चा होईल.

शेवट मी जेवणाच्या टेबलावर केला. ओली काच घेऊन ती धावत नवऱ्याला दाखवायला जायची, आणि काचेवरून ठिबकणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटने टेबलक्लॉथवर कधीच न जाणारे डाग पडायचे. दुसऱ्या कुठल्या घरात असते तर मला हाकलून दिलं असतं, असं तिनेच गमतीने लिहिलंय. आम्ही पांढऱ्या चादरीवर काळ्या चहाचे डाग पाडले. प्रयोग अठरा मिनिटांचा झाला. सामान म्हणजे एक खुर्ची, एक शाल, एक एप्रन, चादर, आणि काचेऐवजी प्लास्टिकची पाटी. कॅमेरा पुठ्ठ्याच्या खोक्याचा, पण ह्या वेळी होता. पहिलीचा तो पोरगा मुद्दाम पुढे बसला होता.

मावशींना त्यांचे फोटो दाखवले. आठवडाभर मधल्या सुट्टीत रोज थोडे. बरेचसे बघून त्या नुसत्या हसल्या. एकदा म्हणाल्या, हा पुसून टाका, आणि मी पुसला. आता काढायच्या आधी विचारते. कधी "आज नको" म्हणतात, मग त्या दिवशी फक्त ताटांचा फोटो जातो. अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

मेरीची दोन मिनिटं मात्र माझी संहिता म्हणून कुणाला देणार नाही. ती प्रत्येक वर्गाने आपली आपण लिहावी, तोच खरा स्वाध्याय आहे. प्रश्न एवढाच द्यायचा : खुर्चीत न हलता बसलेली मेरी मनात काय म्हणत असेल? माझ्या वर्गात कुणी लिहिलं, 'माझ्या नाकावर माशी बसली आहे.' एका मुलीने लिहिलं, 'फोटोत मी देवाची आई आहे, पण भांडी तशीच पडली आहेत.' आणि मागच्या बाकावरचा, एरवी दोन ओळींपलीकडे न जाणारा एक मुलगा, त्याने लिहिलं :

'बाईसाहेब, तुम्ही कोळशाची खोली घेतली. आता कोळसा कुठे ठेवू?'